एंटर लिहिलेल्या शिंगाचा बैल

दीपाताईनं अडीच किलोचा लॅपटॉप आमच्या बापाच्या डोक्यात घातला. बापाला अकरा टाके पडले. लॅपटॉपचं एक बटन गेलं.

असं काही घडलेलं नाही. पोलिसांच्या कागदावर बापाला बैलानं मारल्याची नोंद आहे, खाली बापाची सही आहे, आणि सरकारी कागदापुढं मी कोण? तेव्हा लॅपटॉपचा विषय इथंच मिटला. आता जे घडलंच नाही, ते पहिल्यापासून सांगतो.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या अलीकडं, नाल्याच्या खोलगटात. घरात माझा बाप कडूबा, माय सत्यभामाबाई, मोठी बहीण दीपमाला आणि मी, ऋत्विक. भिंतीपलीकडं काका, भाऊराव. चुली दोन, अंगण एक, आणि मागची खोली दोघा भावांत मिळून. मागच्या साली कापसाला असा भाव लागला होता की लोक झोपेत आकडे बोलत. तो भाव पुन्हा येईल म्हणून या साली गावात कोणी कापूस विकलाच नाही. सगळा घरात भरला. बाजेखाली कापूस, देव्हाऱ्यापुढं कापूस. आमच्या मागच्या खोलीत तर तो जमिनीपासून अकरा फूट चढला. दोघा भावांनी आपापला कापूस एकाच खोलीत ओतला, वेगळा मापला नाही. भावाभावांत काय मापायचं, असं म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा, यानंच रक्त निघालं.

घरात कोंडलेल्या कापसात बारीक किडे होतात. ते चावत नाहीत, नुसते अंगावरून फिरतात. माणूस आधी खाजवतो, मग लाल होतो, मग त्याची झोप जाते, आणि मग तो मारतो. फेब्रुवारीपर्यंत अख्खं गाव या शेवटच्या पायरीवर पोचलं होतं. समोरच्या झुंबरबाईनं पोळपाट मारून नवऱ्याचा दात पाडला. दात कापसात पडला तो आजवर सापडला नाही; कोणाच्या तरी शर्टात गेला असेल. सोजराबाईच्या दोन पोरांची विळ्यानं जुंपली, कारण एकानं दुसऱ्याची पाठ खाजवून द्यायला नकार दिला. दुकानातली खाजेची पावडर संपली, मग टिंचर संपलं, मग पट्ट्या संपल्या. दुकानदार म्हणायचा, माल कोणत्या क्रमानं संपते त्यावरून मले गावाची तब्येत कळते.

बोंडअळी होतीच. बाप म्हणायचा, "बीटी बियाणं आलं तवा अळी मेली, खोटं नाही बोलत. पण दोन-चार सालानं उठली. तीच अळी, नवं व्हर्जन."

अळी दरवर्षी अपडेट होते आणि तिला त्यासाठी नेटवर्क लागत नाही. आम्हाला लागायचं.

दीपाताईला डिसेंबरात नोकरी लागली होती. लॅपटॉप बनवणारी एक कंपनी. ग्राहक फोन करून सांगणार की आमचा लॅपटॉप आणि आमची सेवा अजून चांगली कशी करता येईल. ताईनं ते गोड आवाजात ऐकायचं आणि फॉर्मात भरायचं. काम घरूनच. त्यासाठी कंपनीनं स्वतःचाच एक जुना, जाडा लॅपटॉप पाठवला. अट अशी, की नव्वद दिवस नोंदवलेल्या जागेवरूनच बसायचं, एकही कॉल मध्येच तुटता कामा नये, एकही खाडा होता कामा नये. नव्वद भरले की कायम. एकोणनव्वद भरले तर लॅपटॉप परत पाठवा आणि आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. ताईनं दोन वर्षांत सतरा ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. अठराव्या ठिकाणी कोणीतरी तिला हो म्हणालं होतं.

नोंदवलेली जागा म्हणजे आमचं घर, आणि आमच्या घरात नेटवर्क नव्हतं. छपराच्या टिनावर बसून पाहिलं तर टिन असं कडाडायचं की पहिल्याच ग्राहकानं विचारलं, "तुमच्याकडे गोळीबार सुरू आहे का?" खाटेवर खाट रचून पाहिली; तिसऱ्या खाटेवरून ताई मायच्या अंगावर पडली. मग कापूस भरताना शोध लागला. मागच्या खोलीत अगदी वर, टिनाच्या खाली एक झरोका आहे. तो टॉवरच्या दिशेला आहे. कापूस अकरा फुटांवर गेला आणि फोनला दोन काड्या आल्या.

तेव्हापासून ताई रोज दहा वाजता शिडीनं कापसावर चढायची आणि सहाला उतरायची. हेडफोनची वायर उंदरानं खाल्ली होती, त्यामुळं ग्राहकांचा आवाज खोलीभर घुमायचा आणि खोलीतला आवाज ग्राहकांना जायचा. म्हणून घरात नियम झाला: दहा ते सहा, काय भांडायचं ते हळू भांडा. आमच्या घरात तीन महिने कुजबुजत शिव्या दिल्या गेल्या. काका बापाला "तुह्या तोंडात माती" हे अशा स्वरात म्हणायचा, की दुरून ऐकणाऱ्याला वाटावं तब्येत विचारून राहिला.

सूचना ऐकून आम्हालाही कंपनीचं दुःख कळायला लागलं होतं. अकोल्याच्या एका वकिलांना चार्जरची वायर लांब हवी होती, कारण वीज शेजारच्यांकडून घ्यायची होती. नांदेडचे एक मास्तर म्हणाले, लॅपटॉप एवढा तापतो की एकतर त्यावर पोळी शेकायची सोय करा, नाहीतर तापणं बंद करा, काय ते एक ठरवा. एक बाई दुरुस्तीवाला येणार म्हणून चार दिवस घरात बसून राहिल्या. पाचव्या दिवशी त्यांना मेसेज आला, ग्राहक घरी आढळले नाहीत. ताई प्रत्येकाला म्हणायची, "आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे." खालून माय म्हणायची, "पुण्याच्या बाईवानी बोलते माही पोरगी."

नव्वदावा दिवस उजाडला. दुपारी चारला अंगणात टेम्पो थांबला. डोणगावचे व्यापारी रहेमतुल्लाभाई काटा घेऊन उतरले.

"कडूबाभाऊ, काटा कुठं लावू?"

"कोणी बोलावलं तुमाले?" बापानं कुजबुजत विचारलं.

"म्या," काका कुजबुजला. "भाव रोज खाली येऊन राह्यला. कापूस सुकून हलका होऊन राह्यला. अन् मी खाजवून खाजवून जनावर झालो दादा."

"उद्या ने. पोरीचा आज नव्वदावा दिवस हाय. सहा वाजेलोक थांब."

"नव्वद दिवस थांबलोच ना बे!"

"तर दोन घंटे अजून."

"तुहे दोन घंटे म्हंजे सरकारचे पंधरा दिवस." काकानं कापूस भरायची पाटी उचलली. "तुहा कापूस राहू दे. मी माहा अर्धा नेतो."

"अर्धा! कोणता बे तुहा अर्धा?"

काकानं ढीग वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "खालचा. माही वेचणी आधी झाल्ती."

यात चूक काढणं कठीण होतं. काकाचा कापूस खरंच आधी आला होता, म्हणजे तो खालीच होता. बापाचा वर होता, आणि बापाच्या कापसावर ताई बसली होती. काकानं ढिगाच्या बुडात पाटी घातली आणि आपला अर्धा काढायला सुरुवात केली.

वरून ताईचा गोड आवाज आला, "सर, आपला आवाज तुटतोय. कृपया पुन्हा सांगाल का?"

दुसऱ्या पाटीला ढीग हलला. ताई हातभर खाली आली. ग्राहक पुण्याचे होते. ते सांगत होते, "माझी पहिली सूचना वजनाबद्दल आहे. फार जड करता तुम्ही. हल्ली जगात लॅपटॉप कागदासारखे झालेत."

तिसऱ्या पाटीला बापानं काकाच्या कमरेत लाथ घातली.

ही मारामारी मी जन्मात विसरणार नाही, कारण तिला आवाज नव्हता. तीन महिन्यांची सवय. काका उठला आणि काट्याचा लोखंडी आकडा त्यानं बापाच्या दंडात रुतवला. बापाच्या तोंडून शिवी निघाली ती श्वासासारखी निघाली. बापानं काकाचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. काकाचा कान फाटला आणि तो "हळू ना बे," असं दात खात कुजबुजला. मग त्यानं बापाच्या मनगटाचा चावा घेतला आणि सोडलाच नाही. सदरा फाटला, नाकं फुटली. पांढऱ्या कापसावर लाल थेंब उडत होते आणि रहेमतुल्लाभाई हात जोडून फुसफुसत होते, "या अल्ला, लाल लागलेला वेगळा काढा भाऊ, ग्रेड उतरते."

बापानं हात सोडवून घेतला. काकाला पालथा पाडला, पाठीवर गुडघा रोवला आणि त्याचं तोंड कापसात दाबलं. मऊ कापूस. उशीसारखा. काकाचे पाय आधी जोरात झडत होते.

"सोडा, मरते ना तो," माय केरसुणीनं बापाला झोडपत कुजबुजली. मी बापाची कंबर धरून ओढली. त्याचं कोपर बसलं आणि माझा ओठ दोन जागी फुटला. रहेमतुल्लाभाईंनी बापाचा पाय ओढला तर हातात नुसती चप्पल आली. बापाचे डोळे उघडे होते पण त्यात कोणी नव्हतं. काकाचे पाय मंद व्हायला लागले. मग एकच पाय हलायला लागला.

पुण्याचे ग्राहक म्हणत होते, "दुसरी सूचना कोपऱ्यांबद्दल. फार टोकदार आहेत. कोणाला लागेल."

ताई घसरत खाली आली. हातात लॅपटॉप. दुसरं काही उचलायला वेळ नव्हता. लॅपटॉप मिटला की कॉल तुटतो, म्हणून तिनं तो मिटला नाही. पडदा दोन्ही हातांनी धरला, बटनांची बाजू पुढं केली, आणि जशी कुऱ्हाड घालतात तशी बापाच्या टाळूवर घातली.

खोलीत तेवढा एकच आवाज झाला.

बाप बाजूला कोसळला. काकानं कापसातून तोंड काढलं. निळं पडलं होतं. त्यानं असा श्वास घेतला की तोंडातला कापूस आत गेला आणि तो ओकला. बापाच्या कपाळावरून रक्त भुवईपर्यंत आलं आणि तिथून दोन फाटे फुटले. काकाकडं पाहून त्याच्या डोळ्यांत कोणीतरी परत आलं.

"भाऊ," बाप म्हणाला. "जिता हाय ना बे?"

काकानं मान हलवली.

"हॅलो?" लॅपटॉपमधून आवाज आला. "कसला आवाज झाला हो?"

ताईचा आवाज होता तसाच गोड. "सर, टिकाऊपणाची चाचणी सुरू आहे. आपण वजनाबद्दल बोलत होतात."

ग्राहक खूश झाले आणि पुढं बोलायला लागले. ताई लॅपटॉप धरून उभी, एकटक बापाच्या डोक्याकडं पाहत. नेटवर्क एका काडीवर आलं होतं, तीही येऊन-जाऊन होती. माय बापाच्या डोक्याला मूठभर कापूस दाबून धरत होती; कापसाची काही कमी नव्हती.

"वर चढ," बाप म्हणाला.

"बाबा, मी तुमाले..."

"दीपे, वर चढ. सहा वाजेलोक उतरू नको. नाही तर हे सगळं फुकट जाईन."

ताई चढली. आणि मग काकानं, एक कान लोंबता, अंगणात काढलेल्या सगळ्या पाट्या परत आत आणल्या आणि ढिगाच्या बुडात कोंबायला लागला. आपला अर्धा. खोकत, थुंकत, ढोपरांवर बसून. वरून ताई बोट दाखवायची, अजून थोडं, आणि काका अजून थोडं कोंबायचा.

फॉर्म पाठवताना ताईच्या लक्षात आलं की एंटरचं बटन जागेवर नाही. खाली नुसता रबराचा ठिपका होता. मायनं पऱ्हाटीची एक काडी वर दिली. त्या काडीनं ठिपक्याला टोचलं की फॉर्म जायचा. सहापर्यंत ताईनं कापसावर बसून, कापसाच्याच काडीनं अजून चौघांच्या मोलाच्या सूचना पाठवल्या.

बापाला टेम्पोतून दवाखान्यात नेलं. मी आणि रहेमतुल्लाभाई सोबत. डॉक्टरांनी केस बाजूला केले, चिमट्यानं काहीतरी काळं काढलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. टण्ण. तेच बटन. मग अकरा टाके घातले आणि नियमाप्रमाणं पोलिसांना कळवलं. जमादार वामनराव आले. पोट पुढं, बगलेत वही.

"कोणी मारलं?"

बापानं माझ्याकडं पाहिलं. आम्हा दोघांनाही तेच दिसत होतं: खरं सांगितलं की लॅपटॉप हत्यार होतो, हत्यार जप्त होतं, आणि ठाण्याच्या कपाटात नेटवर्क नसतं.

"बैलानं," बाप म्हणाला.

"बैल कुठाय?"

"विकला."

"कवा?"

"दोन साल झाले."

वामनरावांनी वहीतून मान वर केली. "दोन साल आधी विकलेल्या बैलानं आज मारलं?"

"लय राग धरते ते जनावर."

"अन् दंडाले? मनगटाले?"

"तोच. चावते बी."

वामनरावांनी ट्रेमधलं बटन दोन बोटांत उचललं, उजेडाकडं धरलं, ओठ हलवत वाचलं. "कडूबा, बैलाच्या शिंगावर एंटर लिहिलेलं राह्यते का बे?"

रहेमतुल्लाभाईंनी छताकडं पाहिलं.

"नवी जात हाय साहेब," बाप म्हणाला. "बीटी."

वामनरावही खाजवत होते. घरी त्यांच्याही कापूस होता. शेवटी त्यांनी लिहून घेतलं: बैलाने मारले, बैल फरार. आणि बटन कागदात बांधून वर लिहिलं: शिंगाचा काळा तुकडा, नग एक. मुद्देमाल म्हणून ते आता ठाण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी कापूस विकला. सगळा, वरचा आणि खालचा. काका बापाच्या डोक्याची पट्टी न्याहाळत म्हणाला, "दादा, अजून एक मिनिट दाबलं असतं ना, तर माही खाज कायमची गेली असती."

"तुह्या वाट्याची मले खाजवा लागली असती," बाप म्हणाला. दोघं हसले आणि दोघांनाही हसताना दुखलं. ताई मात्र बापासमोर जेवायला बसेना. बाप म्हणाला, "ये वं. माह्या डोक्यातून भावाचा खून काढला तू. त्याले अकरा टाके म्हंजे काहीच नाही." तेव्हा ती बसली, आणि भाकरीवर रडली.

तिसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन तिनं मेल पाहिला. पुण्याच्या ग्राहकांनी तिला पाचपैकी पाच दिले होते. शेरा: प्रतिनिधीने बराच वेळ मध्ये एक शब्दही न बोलता माझे म्हणणे ऐकून घेतले, असा अनुभव प्रथमच आला. त्याच्याच खाली कंपनीच्या यंत्राचा शेरा होता. प्रतिनिधी चार मिनिटे दहा सेकंद निःशब्द. नव्वदावा दिवस अर्धा धरण्यात येत आहे. एकूण दिवस साडेएकोणनव्वद. राहिलेला अर्धा दिवस सात दिवसांच्या आत नोंदवलेल्या जागेवरून भरून द्यावा, अन्यथा लॅपटॉप परत पाठवावा.

आम्ही मागच्या खोलीत गेलो. स्वच्छ, झाडलेली, रिकामी. झरोका अकरा फुटांवर. गावात फिरलो, झुंबरबाईकडं, सोजराबाईकडं. त्या आठवड्यात भाव अजून पडला म्हणून सगळ्यांनीच कापूस देऊन टाकला होता. अख्ख्या गावात उशीतला सोडून कापूस नव्हता. डोणगावला रहेमतुल्लाभाईंना फोन केला. ते म्हणाले, "भाऊ, तुमचा कापूस केव्हाच जिनिंगात गेला. सरकी अलग, रुई अलग. आता त्याच्यावर बसता येत नाही."

ताई माझ्याकडं पाहून म्हणाली, "ऋत्विक, मी नव्वद दिवस लोकाच्या सूचना लिहिल्या. आता एक तू लिही." लॅपटॉप घेऊन आम्ही टेकाडावर गेलो. ग्राहकांच्या सूचनांचा फॉर्म उघडला. चार दिवस उरले होते. मी लिहिलं, आणि पऱ्हाटीच्या काडीनं पाठवलं:

प्रति, मा. व्यवस्थापक, ग्राहक सूचना विभाग. विषय: उत्पादन व सेवा यांत सुधारणा. महोदय, आपल्या लॅपटॉपचे वजन व कोपरे यांबाबत पुण्याहून आलेली सूचना फेटाळण्यात यावी. सदर वजनामुळे व सदर कोपऱ्यामुळे आमच्या घरी एक इसम जिवंत आहे व दुसरा इसम तुरुंगाबाहेर आहे. लॅपटॉप यापेक्षा हलका असता तर आमचे काका वारले असते. बिजागरी उत्तम. एंटरचे बटन पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून जमा असून ते बैलाचा शोध लागल्यावरच परत मिळणार आहे, सबब दुसरे पाठवावे. तसेच प्रतिनिधी कु. दीपमाला यांचा अर्धा दिवस भरून निघणेकामी, आपल्या घरपोच सेवेअंतर्गत, नोंदवलेल्या जागी जमिनीपासून अकरा फूट उंचीचा कोरडा कापूस सोमवार सकाळी दहापूर्वी भरून द्यावा व दुपारी दोननंतर परत घेऊन जावा, ही नम्र विनंती. कापूस शक्यतो किडे नसलेला असावा.